बर्फखान्याचं दार

मी एक जुनं दार आहे, मित्रांनो, आणि खरं सांगतो, मला फार कंटाळा आलाय. काचेच्या पेटीत उभं राहून राहून बिजागऱ्या आखडल्यात. समोर दोरी बांधलीय, 'हात लावू नये' अशी पाटी आहे. शाळेची पोरं रांगेने येतात, जांभया देतात, आणि माहिती सांगणारा माणूस रोज तेच वाक्य म्हणतो, "या दारातूनच आपल्या महान विद्यापीठाची सुरुवात झाली." साफ चूक. सुरुवात झाली तेव्हा मी दारात नव्हतोच.

माझा जन्म बर्फाच्या कारखान्यातला. गारवा बाहेर पळू नये म्हणून सुताराने दोन फळ्यांमध्ये भुसा ठासून मला बनवलं. बाहेरच्या अंगाला लाकूड, आतल्या अंगाला पत्रा. काम झाल्यावर घाम पुसत म्हणाला, "दार कसलं, म्हैस आहे म्हैस! उचलायला चार माणसं लागतील." तेवढंच काय ते माझं कौतुक. पुढे कारखाना बंद पडला आणि मी तीन वर्षं उंदरांची राखण करत उभा राहिलो.

मग मास्तर आले. किडकिडीत माणूस, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. शेवटच्या बाकावरच्यालाही समजेपर्यंत पुढे सरकायचे नाहीत, म्हणून मोठ्या कॉलेजाने त्यांना घरी बसवलं होतं. बरोबर त्यांची थोरली बहीण, तिला सगळे ताई म्हणायचे. विद्यार्थी अकरा. बसायला बर्फाचे साचे उलटे घातले. फळा मात्र कुठून आणणार?

ताईंनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "एवढं धूड नुसतं उभंय. ह्यालाच काळं फासा की."

पत्र्यावर खडू उमटेना, म्हणून माझी बाहेरची बाजू काळी केली. रोज सकाळी चार जण मला बिजागरीवरून उचलायचे, भिंतीला टेकवायचे, आणि संध्याकाळी पुसून परत दाराच्या जागी अडकवायचे. म्हणजे, मित्रांनो, तास चालू असताना त्या वर्गाला दारच नसायचं. ऊन यायचं, धूळ यायची, एक लंगडं कुत्रं यायचं. आणि एक कोळसेवाली यायची.

"मास्तर, टेकते जरा. पाठ मोडलीय," टोपली उतरवत ती पहिल्या दिवशी म्हणाली.

"टेका ना. ऐकायचं असलं तर ऐका, नाहीतर झोपा."

ती झोपली नाही. आठ महिने रोज त्याच वेळेला उंबऱ्यावर बसली. मधेच म्हणायची, "मास्तर, परत सांगा, डोक्यावरून गेलं." आतली पोरं हसायची, पण त्यांचंही डोक्यावरूनच गेलेलं असायचं.

मग कळलं, सरकारी तपासनीस येणार. त्याने मंजुरी दिली तर कॉलेज, नाहीतर शनिवारी जागा रिकामी. कोळसेवाली हळूच म्हणाली, "पास झालात तर माझं पण नाव घाला. उंबऱ्यावर नको, आत बसीन."

"पहिलं तुमचं," मास्तर म्हणाले.

त्या सकाळी सगळ्यांची धांदल उडाली होती. मास्तरांनी माझ्यावर घाईघाईने एक गणित मांडलं. तेवढ्यात ताई ओरडल्या, "अरे, साहेब येणार आणि दार नाही? गोठा म्हणेल तो! लावा ते आधी!" चौघांनी मला उचललं, बिजागरीवर बसवलं, कडी घातली. आणि मग सगळ्यांच्या लक्षात आलं. फळा रस्त्याकडे तोंड करून बाहेर, वर्ग आत.

"आता शिकवू कशावर?" मास्तरांचा आवाज आला. "तुझ्या कपाळावर," ताई म्हणाल्या.

बाहेर कोळसेवाली येऊन थांबली. दार बंद बघून आधी कपाळाला आठ्या, मग ती गणित वाचायला लागली. शंकूच्या आकाराच्या ढिगाचं माप होतं. घाबरलेल्या मास्तरांनी तिनाने भागायच्या जागी दोनाने भागलं होतं.

"हॅ!" ती म्हणाली. टोपलीतून कोळसा काढला, दोनावर काट मारली, बाजूच्या लाकडी चौकटीवर तीन लिहिला.

"काय चाललंय?" मागे तपासनीस उभा.

"चुकलंय साहेब. पिंपाएवढाच घेर, पिंपाएवढीच उंची, असा ढीग असला तर तो पिंपाच्या निम्मा कसा असेल? तीन ढीग ओतावे लागतात, तेव्हा पिंप भरतं. रोज ओतते मी."

"हे कुणी शिकवलं?"

"ओतायला कुणी शिकवलं नाही. ते असं लिहितात, हे मास्तरांनी शिकवलं."

तपासनीस वाकून माझ्यावरचं गणित वाचू लागला. मग कडी वाजवली, आत गेला, आणि तासाभराने मंजुरी देऊन बाहेर आला. अट एकच. वेगळा फळा आणा, दाराला दार म्हणून ठेवा, आणि तासाला ते लावून घ्या. शिस्त दिसली पाहिजे.

दोन दिवसांनी नवा फळा आला. मला पांढराशुभ्र रंग दिला. मास्तरांनी हजेरीची नवी वही उघडली, पहिली ओळ मोकळी सोडली, कारण कोळसेवालीचं नाव त्यांनी कधी विचारलंच नव्हतं. मला नुसतं लोटून ठेवलं होतं, कडी नव्हती.

ती आली. टोपली उतरवली. मला ढकलायला हात वर केला, मग स्वतःच्या हाताकडे बघितलं, माझ्या रंगाकडे बघितलं, आणि हात खाली घेतला. आत मास्तर पेन धरून माझ्याकडेच बघत बसले होते. मधे मी. लोटलेलं दार बाहेरून बघणाऱ्याला आतून कडी लावल्यासारखंच दिसतं, मित्रांनो. मी बोलू शकलो असतो तर! ती थोडा वेळ थांबली, टोपली उचलली आणि गेली. पुन्हा नाही आली.

त्यानंतर इमारती झाल्या, मनोरे झाले, मोठं फाटक झालं, फाटकावर पहारेकरी बसला. कुलगुरू भाषणात म्हणतात, "आमचं दार सर्वांना उघडं आहे." मी काचेतून ऐकतो. थकलोय मी आता, वाद घालायची ताकद नाही.

दरवर्षी मला नवा रंग देतात, पॉलिश करतात. त्याला ते काळजी म्हणतात. मित्रांनो, माझी काळजी घ्यायचीच असेल तर ही काच काढा, दोरी सोडा, मला परत बिजागरीवर बसवा. आणि तुमचे हात कितीही मळलेले असू देत, मला ढकला. मी लाकूड आहे. डाग पुसता येतो.