दाराआडचा संवाद

माणसांवर विश्वास टाकणं मला जमत नाही. चॅनेलच्या बाईंवर तर पहिल्या मीटिंगपासूनच संशय होता. दीडशे वर्षांपूर्वीची जाडजूड इंग्रजी कादंबरी, तिच्यावरून आम्हा नवरा-बायकोला घरच्यांसोबत बसून बघण्याजोगा टीव्ही सिनेमा लिहायचा होता. त्यातला जमीनदार आपल्या आजारी बापाची सेवा बायकोकडून करून घेतो आणि गुपचूप दुसरीशी सूत जुळवतो.

"ती दुसरी काढून टाका," बाई म्हणाल्या. "पोरंबाळं बघणार आहेत."

माझा नवरा लगेच हो म्हणाला. मग त्या दुसरीची आम्ही आत्या केली. आत्याशी लपूनछपून कोण बोलतं, हे मला कुणी सांगेना.

बाई फोनही नवऱ्यालाच करायच्या. मी मनात म्हटलं, ही बया माझं नाव कापणार. आजवर प्रत्येक सिनेमावर आम्हा दोघांचं नाव एकाच ओळीत आलंय. त्याला मी कुणाला हात लावू देणार नव्हते.

आमची कामाची पद्धत जुनी आहे. नवरा लिहीत नाही, बोलतो. आतल्या खोलीचं दार लावून येरझारा घालत तो पात्रांचे संवाद म्हणतो. मी बाहेर टेबलाशी बसून त्यातलं बरं ते उतरवून घेते. एका दुपारी असंच एक फक्कड वाक्य कानावर आलं. मी ते जमीनदाराच्या तोंडी घातलं.

संहितेच्या वाचनाला सगळे चॅनेलच्या ऑफिसात जमलो. जमीनदार करणाऱ्या नटाने आवाज खाली आणून वाचलं, "एवढं काम उरकू दे, मग सांगतो तिला. आत्ता कळलं तर हातातलं टाकून उठेल ती."

"वा!" कुणीतरी म्हणालं.

बाईंचा चहाचा कप ओठांपाशीच थांबला. "हे वाक्य काढा. फॅमिलीला चालणार नाही."

"हे कुठून आलं?" नवऱ्याने विचारलं.

"तुझंच तर आहे. परवा दुपारी आत म्हणत होतास."

त्याने माझ्याकडे बघितलं नाही. बाईंकडे बघितलं.

साऱ्या जगावर संशय घेतला मी आणि या माणसाचं फोनवरचं बोलणं मात्र संवाद समजून दाराआडून ऐकून, सुवाच्य अक्षरात उतरवून, वर खूशही झाले होते.

"वाक्य राहील," मी नटाला म्हणाले. "पुन्हा वाचा. जरा सावकाश."