हाताशी घंटा

चर्चची सहाची घंटा थांबता थांबता फोन वाजला आणि नोला टिअर्नीच्या हातातला अर्धा सोललेला बटाटा सिंकमध्ये पडला.

तिने सुरी खाली ठेवली नाही. दुसऱ्या हाताने ओटा धरून ती दारातून पॅसेजकडे बघत राहिली. तिथे छोट्या टेबलावर फोन खणखणत होता. घंटेबरोबर म्हणायची प्रार्थना तिच्या ओठांवर अर्धवटच राहिली होती. हजारो नर्सबायकांपुढे कर्ण्याशिवाय भाषण करणारी, मंत्र्याच्या टेबलावर हात आपटून ‘माझ्या पोरी एकट्याने तीस-तीस रोगी बघणार नाहीत’ असं सुनावणारी ही बाई. तिला स्वतःच्या घरातला पॅसेज ओलांडवत नव्हता.

शेवटी ती गेली. रिसीव्हर उचलला.

“हॅलो?”

कुणी बोललं नाही. मग रोजच्यासारखा तो श्वास सुरू झाला. लांबवर ओढलेला, मध्येच अडकणारा, पुन्हा ओढलेला. तोंड रिसीव्हरला लावून कुणीतरी मुद्दाम ऐकवत असावं तसा.

“कोण आहे? काय हवंय तुम्हाला?”

श्वास जरा वाढला. नोलाने फोन आदळला, पुढच्या दाराची कडी पुन्हा तपासली आणि दारामागे खुर्ची लावली. त्या रात्री बटाटे तसेच राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी डेस आला तो हातात टर्पेंटाइनचा डबा आणि चिंध्या घेऊनच. डेस वीजकेंद्रातल्या वायरमनांच्या युनियनमध्ये जन्म काढलेला, आता नोलाच्या प्रचाराची सगळी धुरा त्याच्याकडे. तो फाटकापाशी उकिडवा बसून लाल रंग खरवडत होता. कुणीतरी अंधाराचा फायदा घेऊन फाटकावर ठळक अक्षरांत लिहून गेलं होतं : खुनी.

“स्पेलिंग तरी बरोबर आहे,” डेस म्हणाला. “म्हणजे विरोधी पक्षाचा नसणार.”

नोला हसली नाही. तिने शाल घट्ट ओढून घेतली. कोळशाच्या खाणीवरून येणाऱ्या वाऱ्याला वसंतातही धुराचा वास होता.

“फोन पुन्हा आला,” ती म्हणाली. “सहालाच.”

“मी पहिल्या दिवशीच बोललो होतो, बाई. पत्रकावर घरचा नंबर छापू नकोस. कोण उमेदवार छापतो? तू म्हणालीस, छाप.”

ती खरंच तसं म्हणाली होती. वीस वर्षं वॉर्डात काढल्यावर काही गोष्टी हाडात मुरतात. रोग्याची पाठ पुसा, उशी नीट करा, आणि खोलीतून बाहेर पडण्याआधी बघा, नर्सला बोलवायची घंटा त्याच्या हाताशी आहे ना. बाकी काही विसरलात तरी चालेल, हे विसरायचं नाही. नव्या मुलींना ती हेच पहिल्यांदा शिकवायची. निवडणुकीला उभं राहायचं ठरलं तेव्हा पत्रकाच्या तळाशी तिने स्वतःचा नंबर टाकायला लावला आणि खाली एक ओळ : केव्हाही फोन करा.

“आता त्याचं सोनं करू आपण,” डेस चिंधी पिळत म्हणाला. “आज फोनला मशीन लावतो. आवाज टेप होईल. शनिवारी मतदान, शुक्रवारच्या पेपरात पहिल्या पानावर : एकट्या राहणाऱ्या नर्सला धमक्या. अख्खं खोरं तुझ्या बाजूने उभं राहील बघ.”

“आणि त्याने खरंच काही केलं तर?”

डेसने वर पाहिलं. ती रस्त्याच्या दोन्ही टोकांकडे बघत होती.

“माझा भाचा झोपेल पुढच्या खोलीत,” तो हळू आवाजात म्हणाला. “घोरतो मेला, पण दणकट आहे.”

“नको. कुणी माझ्यापायी जीव धोक्यात घालायला नको.”

खुनी हा शब्द तिला नवा नव्हता. संपाला बरीच वर्षं झाली होती, पण गावात असं काही जुनं होत नाही. सगळ्या नर्सबायका इस्पितळाच्या फाटकाबाहेर शेकोट्या पेटवून उभ्या होत्या आणि नोला त्यांच्या पुढे. आत हिशेबनीस आणि कारकून रोग्यांना सूप पाजत होते. त्या आठवड्यात जे गेले, ते संपामुळे गेले की जाणारच होते, हे डॉक्टरांनाही सांगता आलं नाही. पण ज्यांची माणसं गेली त्यांना ते सांगायला कुणी जाणार होतं थोडंच. पुढे संप जिंकला, नोला राजधानीत युनियनची मोठी पुढारी झाली, आणि आता विधानसभेसाठी परत याच गावात मतं मागायला आली होती. बाजारात काही बायका तिला मिठी मारत. काही रस्ता ओलांडून जात.

त्या संध्याकाळी डेसच्या सांगण्यावरून ती घरी थांबलीच नाही. मशीनने फोन घेतला.

गुरुवारी सकाळी प्रचाराच्या कचेरीत डेसने टेप लावली. रिकामं दुकान भाड्याने घेतलं होतं. पूर्वी तिथे मासे तळत, आणि अजून भिंतींना तेलाचा वास होता. आधी मशीनमधला नोलाचा आवाज आला, मग ती कर्कश शिटी, आणि मग तो श्वास.

“ऐकलंस?” डेसच्या अंगावर काटा आला होता, आणि तो खूशही होता. “आई शप्पथ, मलाच घाम फुटला. हे ऐकलं की संपादक नाचेल.”

नोला उभी होती. स्वतःच्या घरात, रिसीव्हर कानाला लावून, दाराकडे डोळा ठेवून तिने हा आवाज ऐकला होता, तेव्हा तिला त्यात फक्त धमकावणारा माणूस ऐकू आला होता. आज दिवसाउजेडी, शेजारी कुणी असताना, तिचा हात आपोआप छातीवर गेला. तिथे रोग्याचे श्वास मोजायला गणवेशाला उलटं अडकवायचं घड्याळ कधीकाळी असायचं.

“पुन्हा लाव.”

डेसने लावली.

“पुन्हा.”

“अगं, कितीदा घाबरून घेणार आहेस?”

“गप्प बस जरा.” तिने डोळे मिटले होते. आत घ्यायला झटापट, बाहेर सोडायला त्याहून झटापट. शेवटी बारीक शिट्टी. “हा धमकावत नाहीये, डेस. याला दम लागलाय. बोलायला फोन करतो आणि बोलताच येत नाही.”

 डेसने दार लोटून घेतलं.

“समजा असेल. पण पेपर वाचणाऱ्यांना काय कळतंय? नोला, आपण मागे आहोत. थोडे नाही, चांगले मागे. ही टेप गेली तर तू निवडून येतेस. नाही गेली तर शनिवारी रात्री मला भाषण लिहावं लागेल, पराभवाचं.”

तिने मशीनचं झाकण उघडून टेप काढली आणि पर्समध्ये ठेवली.

“आणि तुझा अंदाज चुकला तर? खरंच कुणी माथेफिरू असला तर?”

नोलाने पर्सची चेन ओढून लावली. 

त्या दिवशी ती पाच वाजल्यापासून पॅसेजमध्ये बसली. जपमाळ हातात होती, पण मणी पुढे सरकत नव्हते. चर्चची घंटा झाली. फोन वाजला.

“नोला बोलतेय. तुम्ही बोलू नका.” तिने खाकरून आवाज वॉर्डातल्या पट्टीत आणला. “पडून असाल तर उठून बसा. टेबल आहे का पुढे? त्यावर कोपरं टेका, पुढे वाका. पाय खाली सोडा. आता मेणबत्तीवर फुंकर घालायची, पण विझू द्यायची नाही. तसा श्वास सोडा. सावकाश. मी आहे.”

पलीकडे काहीतरी सरकलं. खुर्ची असावी. बराच वेळ ती फक्त ऐकत राहिली, आणि मधून मधून म्हणत राहिली, “शाबास. अजून एकदा.” शिट्टी हळूहळू बारीक झाली.

“नाव सांगता? पत्ता? मी गाडी पाठवते.”

श्वास थबकला.

“सिस्टर,” एक खरखरीत आवाज म्हणाला. मग बऱ्याच वेळाने, “आयव्ही. वॉर्ड... चार.”

नोलाला ते नाव लगेच आठवलं. वॉर्ड चारमधली आयव्ही स्टब्स. तिचा नवरा क्लॅरी, वीजकेंद्रात बॉयलरवर काम करणारा, पक्का युनियनवाला. भेटीची वेळ सहाला सुरू व्हायची, आणि हा त्याच्याही आधी टोपी हातात घेऊन दारात उभा. संपात तो रोज फाटकातून आत जाताना नर्सबायकांना मान लववायचा. आठवड्याच्या शेवटी, आयव्ही गेली त्या दिवशी, बाहेर आला तेव्हा त्याने मान लववली नाही.

“क्लॅरी,” ती म्हणाली. तिला वाटलं होतं त्याहून हळू आवाज निघाला. “आयव्ही आठवते मला. मी तेव्हा फाटकावर होते. आत नव्हते.”

फोन बंद झाला.

 तो बोलायला फोन करत होता. काय बोलायला, ते तिला आता कळलं होतं. आणि ते ऐकायची तिची छाती नव्हती. तरी उठून तिने ग्वेनला फोन लावला. ग्वेन तिच्याबरोबरची, आता घरोघरी जाऊन आजाऱ्यांना बघणारी सरकारी नर्स.

शुक्रवारी दुपारी ग्वेन आली ती बूट आपटतच.

“काय खडूस म्हातारा! आधी दारच उघडेना. मी म्हटलं, काका, मी तुमचं मत मागायला आले नाही, नाडी बघायला आलेय. तेव्हा कडी काढली. छातीचा पार भाता झालाय, नोला. डॉक्टरांना आणलं. इस्पितळात चला म्हटलं, तर म्हणतो, त्या इमारतीत मी पाय ठेवणार नाही. ऑक्सिजनची टाकी तेवढी ठेवून घेतली. उपकार केल्यासारखी.”

“आता मी फोन उचलला नाही तर चालेल?”

“मी रोज सकाळी जाईन गं. पण पोरी, तू फाटकाचं पोलिसांत सांग. दिवाणापासून दारापर्यंत चालताना तो तीनदा बसला. तुझ्या फाटकापर्यंत यायची त्याची काय बिशाद?”

नोलाने खिडकीतून बाहेर पाहिलं. फाटकावर लाल रंगाचा डाग अजून होता. मग तो रंग कुणी फासला, हे ग्वेनने विचारलं नाही आणि तिनेही नाही. त्या संध्याकाळी, सहाला, श्वास आला. ती बोलत राहिली, तो ऐकत राहिला. शब्द एकही नाही. पेपरात पहिल्या पानावर फुटबॉल होता.

शनिवारी शाळेच्या फाटकाबाहेर दोन्ही पक्षांचे लोक पत्रकं वाटत उभे होते. सॉसेजच्या एकाच शेगडीवर एकमेकांना टोमणे मारत कांदा परतत होते. नोलाने दिवसभर हात मिळवले. साडेपाचला ती डेसच्या गाडीत येऊन बसली.

“घरी सोड मला.”

“घरी? सहाला मतदान संपतंय, हॉलवर सगळे वाट बघतायत, आणि उमेदवारीणबाई घरी जाऊन निकाल उबवणार?”

“सोड म्हटलं ना.”

डेसने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि मुकाट्याने गाडी सुरू केली. ती हरायला घाबरली आहे असंच त्याला वाटलं असणार. तिने वाटू दिलं.

चर्चची घंटा झाली. नोलाने प्रार्थना पूर्ण म्हटली, शेवटच्या शब्दापर्यंत. फोन वाजला नाही.

तिने रिसीव्हर उचलून पाहिला, आवाज होता, म्हणजे फोन चालू होता. घाईघाईने परत ठेवला. तेवढ्या वेळात त्याने लावला असेल तर? ती पुन्हा बसली. या फोनची घंटा होऊ नये असं एवढे दिवस तिला वाटत होतं. आता ती व्हावी म्हणून ती त्या गप्प यंत्राला टेकून बसली होती. ग्वेनकडून घेतलेल्या नंबरावर तिने क्लॅरीला फोन लावला. वाजत राहिला, कुणी घेतला नाही. ग्वेनच्या घरी लावला. तिची मुलगी म्हणाली, आई हॉलवर गेलीय, मावशी, सगळे तिथेच आहेत, तुम्ही का नाही?

अंधार पडला. तिने दिवा लावला नाही. डेस आला तेव्हा ती दारातच उभी होती, अंगात कोट.

“इथे काय करतेस अंधारात? अगं, चाललंय आपलं! वरची तिन्ही गावं आपल्याला, खाणीकडची पेटी उघडायचीय फक्त. रडतेस काय?”

“गाडी काढ. क्लॅरी स्टब्सकडे जायचंय.”

“कोण क्लॅरी...”

फोन वाजला.

डेस जवळ होता, त्यानेच उचलला. “हॅलो, टिअर्नी... कोण? हॅलो?” त्याचा चेहरा बदलला. त्याने रिसीव्हरवर हात ठेवला. “तोच आहे हरामखोर. पोलिसांना...”

नोलाने त्याच्या हातातून फोन घेतला.  ती खाली जमिनीवर बसली, भिंतीला पाठ लावून.

“मी आहे,” ती म्हणाली. “सावकाश. घाई नाही.”

बाहेर कुणाच्या तरी गाडीचा भोंगा वाजत होता, पुन्हा पुन्हा, आणि कुणीतरी तिचं नाव घेऊन आनंदाने ओरडत होतं. डेस दाराकडे धावला. नोलाने दुसऱ्या कानात बोट घातलं.

“शाळेत... गेलो होतो,” क्लॅरी म्हणाला. एका शब्दासाठी एक श्वास. “शेजाऱ्याच्या... गाडीतून. टाकी घेऊन. परत आलो आणि... पडून राहिलो. उठवेना.”

“बरं. आता बसलाय ना?”

“मत.” तो थांबला. शिट्टी वाजत राहिली. “तुला... नाही दिलं.”

नोलाने डोळे मिटले. डोकं भिंतीला टेकवलं.

“ठीक आहे, क्लॅरी,” ती म्हणाली. “पाय खाली सोडा. आणि फोन कुठे ठेवता रात्री? हाताशी आहे ना?”