प्रास्ताविकातला परिच्छेद

माझ्या मुलीच्या, आभाच्या पाळणाघरातला कॅमेरा सगळ्या पालकांच्या मोबाइलवर दिसतो. मुलांना असं दिवसभर दाखवत राहणं चूक आहे, असं मी प्रबंधाच्या शेवटच्या प्रकरणात युरोपच्या डेटा संरक्षण कायद्याच्या आधारे लिहिलं होतं. ते आज मंजूर झालं नाही तर माझी पीएच.डी.ची नोंदणी संपणार होती.

कोलकात्यात सॉल्ट लेकला माझ्या मार्गदर्शक घोषाल मॅडम तळटिपा तपासत होत्या. मी टेबलाखाली मोबाइल धरला होता. तिकडे बालीगंजला पाळणाघरात आभा बाकीच्या मुलांपासून दूर, भिंतीला टेकून एकटीच बसली होती.

"वर्ष, क्रमांक, राजपत्राचं पान, सगळं बरोबर आहे," मॅडम म्हणाल्या. "पण हे कलम अडतीस कुठून आणलंस? मुलांना विशेष संरक्षण हवं, हे वाक्य प्रास्ताविकाच्या अडतिसाव्या परिच्छेदात आहे. कलम अडतिसात भलतंच काही आहे."

"दुरुस्त करते, मॅडम."

"तळटीप दुरुस्त होईल. प्रास्ताविकात नुसता हेतू असतो, त्यातून हक्क मिळत नाही. तुझं अख्खं प्रकरण त्यावरच उभं आहे. आणि मघापासून खाली काय बघतेस?"

मी मोबाइल वर धरला.

"ही तुझी मुलगी. बाकीची कुणाची?"

"माहीत नाही."

मॅडमनी कागद माझ्याकडे सरकवले. "हे मला मंजूर करता येणार नाही."

कागद पिशवीत भरताना मला रडू यायला हवं होतं. त्याऐवजी हायसं वाटलं, आता आभाला असं बघणं चूक म्हणावं लागणार नव्हतं; आणि त्याचीच लाज वाटली.

मोबाइलवर आभा कॅमेऱ्याकडे बघून हात हलवत होती. आई तिथे असते, असं तिला मीच सांगितलं होतं.