कोशाचा कोट

शिंपीआजोबांचं उभं आयुष्य पतंगांशी वैर करण्यात गेलं होतं. लोकरी कापडाला भोकं पाडणारी कसर म्हणजे बारक्या पतंगांचीच पिल्लं. ताग्यावर एखादा पतंग बसलेला दिसला, की आजोबांची फूटपट्टी खाडकन पडायची.

म्हणून सात वर्षांची नात वाळकी काटकी घेऊन दुकानात आली आणि काटकीला चिकटलेला तपकिरी कोश दाखवून "आत पतंग आहे" म्हणाली, तेव्हा त्यांचा हात आधी फूटपट्टीकडेच गेला.

"हा कापड खाणारा नाहीये, आजोबा! हा झाडावरचा मोठा पतंग होणार आहे. पण केवढी थंडी पडलीय बाहेर. मरेल ना तो?"

तिच्या डोळ्यांत पाणी तरारलं आणि आजोबांचं वैर तिथंच वितळलं. त्यांनी लोकरीची एक चिंधी घेतली, कोशाचं माप घेतलं आणि बोटभर लांबीचा कोट शिवला. बाह्या आणि अस्तरासकट! कोट चढवलेला कोश काटकीसह काचेच्या बरणीत गेला, झाकणाला भोकं पडली आणि बरणी इस्त्रीच्या शेगडीशेजारच्या फळीवर विराजमान झाली.

तीन दिवसांनी शेजारच्या बागेत काम करणारी माळीणकाकू बाही आखूड करून घ्यायला आली. बरणी पाहून ती पोट धरधरून हसली.

"शिंपीबुवा, खिसे लावायचे राहिले की!" मग तिचं हसू थांबलं. "पण ही बरणी शेगडीपाशी का?"

"ऊब नको त्याला?"

"अहो, ऊबच घात करेल! त्याला वाटेल वसंत आला. भर थंडीत बाहेर पडेल, आणि बाहेर ना दुसरा पतंग, ना अंडी घालायला एक हिरवं पान. थंडीची तयारी तो करूनच झोपलाय. अंगातलं पाणी गोठू नये असा रस असतो त्याच्यात. नाकतोड्याची अंडी मातीत निजतात, मधमाश्या एकमेकींना बिलगून बसतात. ज्याची त्याची रीत."

तीन दिवस शेकला बिचारा! आजोबांनी लगोलग कोट उतरवला आणि बरणी खिडकीच्या बाहेरच्या कट्ट्यावर, सावलीत ठेवली.

"कोट फेकू नका," नात म्हणाली. "लागला तर?"

म्हणून कोट झाकणाला दोऱ्यानं आतून टांगला.

"जिवंत आहे का, ते कसं कळायचं?" आजोबांनी हळूच विचारलं.

"तोलून बघा. मेलेला टरफलासारखा हलका लागतो."

तेव्हापासून दर आठवड्याला नात बरणी उघडायची आणि आजोबा काटकी अलगद तळहातावर घ्यायचे. कापड नुसतं उचलून त्याचं वजन सांगणारा तो हात. नात श्वास रोखून उभी राहायची.

"भरीव आहे," आजोबा म्हणायचे, आणि दोघांचाही जीव भांड्यात पडायचा.

झाडांना पालवी फुटली. एका दुपारी नात किंचाळली, "आजोबा, आला!"

कोशाच्या टोकातून एक ओला, केसाळ जीव बाहेर आला होता. पंख मात्र चुरगळलेले, चिमूटभर. काटकीवरून तो धपकन बरणीच्या तळाशी पडला. काचेवर चढायला गेला, घसरला. पुन्हा चढला, पुन्हा घसरला.

"त्याला लोंबकळायला जागा हवी," माळीणकाकू कुंपणापलीकडून ओरडली. "नाहीतर पंख तसेच वाळतील!"

आजोबांनी बरणी हळूच कलती केली. पतंगाचे पाय कोटाच्या लोकरीला लागले, रुतले, आणि तो तुरुतुरु बाहीपर्यंत चढला. तिथं लोंबकळत राहिला. पंख इंचाइंचानं उलगडत गेले. तळहाताएवढे झाले.

"इस्त्रीशिवाय!" आजोबा पुटपुटले. "एक सुरकुती नाही."

"लागला ना कोट?" नात टाळ्या पिटत म्हणाली.

तिन्हीसांजेला झाकण काढलं. पतंग कोटावरून उठला, आजोबांच्या टकलावर क्षणभर टेकला आणि पालवीकडे उडाला. फूटपट्टी टेबलावरच पडून होती.

कोट अजून खिडकीत टांगलेला आहे. कोणी विचारलं, की आजोबा सांगतात, "गिऱ्हाइकाचा आहे. थंडीत येतं ते."