बटणांचा डबा, चार दिवसांच्या बोलीवर

मी एक जुना पत्र्याचा डबा आहे. मित्रांनो, नाक मुरडू नका! माझ्या अंगाला भोक आहे खरे, पण त्या भोकानेच माझे नशीब उघडले.

आधी माझ्यात बिस्किटे होती, मग एका आईची बटणे. तिची मुलगी बिनतारी संदेशांवर संशोधन करत होती.

"आई, चार दिवस दे ना गं हा डबा!"

"चारच हं," म्हणत आईने बटणे वाटीत ओतली.

मुलीने मला भोक पाडले, आत तांब्याची तार बसवली आणि मी चक्क अँटेना झालो! प्रयोगशाळेच्या दारातून मी लांब व्हरांड्याच्या टोकाला संदेश धाडू लागलो. पण रोज दुपारी चारला माझा आवाज बसायचा आणि तिच्या वहीतले आकडे घसरायचे.

"डब्याचाच दोष," तिचे मार्गदर्शक सर म्हणाले. "चारचे आकडे खोड आणि प्रबंध दे. नाहीतर हेही वर्ष गेलं समज."

तिने खोडरबर उचलले. मी शरमेने अर्धा झालो. मग तिने ते खाली ठेवले.

"सर, डबा बिघडलाय तर रोज चारलाच कसा बिघडतो?"

दुसऱ्या दिवशी ती व्हरांड्यात उभी राहिली. चारला शिपाईकाका चहाची स्टीलची गाडी घेऊन आले, ती नेमकी माझ्यासमोर लावली आणि कारकुनाशी गप्पा मारत बसले. गाडी सरकवली की संदेश पोचे, परत आणली की अडे.

"ताई, चहा निवतोय!"

"काका, उद्याही अगदी इथेच थांबा हं!"

वाटेत माणसे, सामान आले तरी संदेश कसा पोचवायचा, हाच तिचा विषय ठरला. तिला पदवी मिळाली, पुढे ती प्राध्यापक झाली. मी मात्र कपाटावर धूळ खात, गंजत राहिलो. पण निवृत्तीच्या दिवशी तिने मला पुसले आणि घरी नेले. तिचे उपकार मी विसरणार नाही.

"झाले का चार दिवस?" म्हाताऱ्या आईने विचारले. तिने बटणे माझ्यात ओतली, तर एक भोकातून घरंगळले.

"भोक पाडून आणलंस होय गं!" मग हसून म्हणाली, "असू दे. मोठी बटणे तरी राहतील."

मित्रांनो, न पटणारा आकडा खोडण्याआधी दाराबाहेर डोकावून बघा. आणि मागून आणलेली वस्तू उशिरा का होईना, परत करा. आईने इतक्या वर्षांत दुसरा डबा घेतलाच नव्हता. बटणे तोवर त्याच वाटीत होती.