पहिलं ‘नको’

मनकर्णाबाईंनी भाकरीचं टोपलं शालिग्रामच्या ताटासमोर धरलं आणि कोरड्या आवाजात विचारलं,

“वाढू?”

“नको.”

त्यांनी टोपलं उचललं, चुलीजवळ नेलं आणि झाकून ठेवलं.

“माय, भूक लागली ना मले.”

“मंग नको काऊन म्हटलं?”

 त्यांच्या गावात पहिलं ‘नको’ कोणी मोजतच नसे. दुसरं रीतीचं. तिसऱ्यांदा ताटावर हात आडवा धरायचा आणि वाढणारीने तो बाजूला सारून भाकर टाकायचीच. पहिल्या ‘नको’वर थांबणाऱ्या घराला लोक कद्रू म्हणत, आणि त्यात काही खोटं नव्हतं.

महाराष्ट्र होऊन जेमतेम दोन वर्षं झाली होती. शालिग्राम आठ दिवसांनी अकोल्याच्या शेतकी कॉलेजात चालला होता. शेजारचे किसनराव तिथली खानावळ बघून आले होते. वाढपी एकदा विचारतो आणि पुढे सरकतो, हे त्यांनी सांगितल्यापासून बाईंना एकच घोर लागला होता. बाप गेल्यापासून घरात दोघंच. पोरगं असं भिडस्त की उपाशी उठेल, पण मागायचं नाही.

“जेवतानी मी तुही माय नाही,” त्यांनी बजावलं. “खानावळीतला वाढपी समज. एकदाच विचारीन.”

पाच दिवस शालिग्राम अर्धपोटी उठला.  दर जेवणाला बाईंचा जीव तुटायचा, पण दुसऱ्यांदा विचारलं नाही म्हणजे नाही. सहाव्या दिवशी तो मान खाली घालून म्हणाला,

“हाव. वाढ.”

सातव्या दिवशी तर त्याने हाक मारून बेसन मागून घेतलं. बाईंना फार आनंद झाला, आणि त्याच वेळी इतकं एकटं वाटलं की सरपण आणायचं निमित्त करून त्या परसात गेल्या.

निघायच्या दिवशी किसनरावांची बैलगाडी दारात आली. मलकापूरचं स्टेशन तीन कोसांवर. बाईंनी पहाटेच ठेवणीतलं लुगडं नेसून म्हशीला संध्याकाळपर्यंतचा चारा टाकून ठेवला होता. वळकटी, ट्रंक गाडीत चढली. किसनराव पुढे बैलांना चुचकारत होते. शालिग्राम पाया पडला.

“माय, टेशनापर्यंत संग चालतं का?”

“नको रे बाप्पा. मले काय काम तिथं?” बाई म्हणाल्या आणि पदर सावरून एक पाऊल पुढे आल्या.

“बरं,” शालिग्राम म्हणाला आणि गाडीत बसला.

गाडी निघाली. वळणावर त्याने हात केला, बाईंनीही केला. गाडी दिसेनाशी झाल्यावरही त्या बराच वेळ तिथेच उभ्या होत्या.

अकोल्यात पोरगं उपाशी राहणार नव्हतं.