चोरखिसा आणि लॉगिनचं बटण

ताईच्या ब्लॉगला लॉगिनचं बटण लावायची अक्कल माझीच. ती बिचारी नको नको म्हणत होती.

ताई शिवणाचे क्लास घेते आणि त्यावरच ब्लॉग लिहिते. काजं, अस्तर, चेन बदलणं, असलं सगळं. मी लोकांच्या वेबसाइट बनवून पोट भरते, म्हणून तिची फुकटात सांभाळते. तिच्या लेखांखाली रोज टक्कल घालवायच्या तेलाच्या नाहीतर घरबसल्या लखपती व्हायच्या जाहिराती येऊन पडायच्या. ताई सकाळी तांदळातले खडे वेचावेत तशी त्या वेचून काढायची. शेवटी माझं डोकं फिरलं. म्हटलं, सोशल मीडियाच्या खात्यातून आत आल्याशिवाय कोणाला कमेंटच करता येणार नाही, असं करून टाकते.

"ज्याला बोलायचंय त्याने तोंड दाखवून बोलावं!"

"अगं, काहींना तोंड दाखवायची सोय नसते," ताई म्हणाली.

"मग त्यांनी गप्प बसावं."

ती कोणाबद्दल बोलत होती ते मला ठाऊक होतं. 'उसवण' अशा टोपणनावाने एक बाई लिहायची. कोण, कुठली, काही पत्ता नाही. आधी तिने फाटलेली बाही कशी सांधायची ते विचारलं. थोड्या दिवसांनी दुसरी बाही. मग एकदम विचारलं, कोटाच्या अस्तरात चोरखिसा कसा शिवतात? ताईने तिच्यासाठी अख्खा लेख लिहिला आणि मला म्हणाली, "ही बाई घर सोडणार बघ." मी म्हटलं, तुझं आपलं काहीतरीच. आणि बटण लावून मोकळी झाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी ताई इस्त्री करत होती आणि मी तिच्या कापायच्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसले होते. चोरखिशाच्या लेखाखाली नवी कमेंट आली. नावाशेजारी फोटो: झुपकेदार मिशा, काळा गॉगल, गाडीला रेलून उभे राहिलेले साहेब. मला हसूच फुटलं.

"ताई, बघ गं, या मिशाळाला चोरखिसा हवाय!" मी मोठ्याने वाचायला लागले. "'खिसा शिवला. पण माझे आणि मुलीचे कागद जाड आहेत. बाहेरून फुगवटा दिसतो. शनिवारी निघायचंय. मी बाहेर पडताना तो रोज कोट चाचपून बघतो. काय करू?'"

शेवटची ओळ मी हळूच वाचली. ताईने इस्त्री उभी करून ठेवली.

घरच्या कॉम्प्युटरवर नवऱ्याचं खातं उघडंच असणार. बाईने घाईघाईत माझं ते दीडशहाणं बटण दाबलं, आणि तिचे शब्द त्याच्या नावाने, त्याच्या फोटोसकट छापले गेले.

ताई धावत आली आणि उत्तर टाइप करायला लागली. मी तिचा हात धरला. "थांब! उत्तर लिहिलंस की खात्याच्या मालकाला मेल जातो."

"हे कोणी ठरवलं?"

"मीच."

ताईने हात सोडवून घेतला. त्यापेक्षा थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं. मी कमेंट काढली, लेख काढला, 'उसवण'ने आधी लिहिलेलं सगळं काढलं. पण लॉगिन झालं की ती सोशल मीडियाची कंपनी मालकाच्या मोबाइलवर निरोप धाडते, तुमच्या खात्यातून अमक्या साइटवर प्रवेश झाला म्हणून. तो अडवणं माझ्या बापाच्यानेही झालं नसतं.

"तिला कळव ना काहीतरी करून," ताई म्हणाली.

"कुठे कळवू? तिचा पत्ता म्हणजे त्याचाच पत्ता!"

तेवढ्यात क्लासचा फोन वाजला. ब्लॉगवर तोच नंबर आहे. ताईने कात्री घट्ट धरली होती, म्हणून मीच उचलला.

"नमस्कार," गडी अगदी मऊ आवाजात बोलत होता. "माझ्या खात्यातून तुमच्या साइटवर कोणीतरी आलंय. मी काही सुई हातात धरत नाही. घरात दुसरी आमची बायकोच. तिने काय लिहिलंय, तेवढं वाचून दाखवा. स्पीकरवर ठेवलंय, तीही इथेच उभी आहे."

पलीकडे कोणीतरी श्वास रोखून धरला होता.

"कोणीच काही लिहिलं नाही," मी म्हटलं. "मी ताईची धाकटी बहीण, साइट सांभाळते. नवं लॉगिन बसवलं आणि माझ्याकडून घोळ झाला. भलत्याच लोकांना निरोप गेले. सकाळपासून शिव्या खातेय."

"असं होतं कुठे? तुम्हाला तुमचं काम येत नाही का?"

आजवर हे मला कोणी म्हणालं असतं तर मी त्याची सालटी काढली असती. जीभ दाताखाली धरली.

"नाही येत, साहेब."

"मोठ्याने. हिलाही ऐकू दे."

"मला माझं काम येत नाही!"

तो हसला. मग म्हणाला, हे साइटवर लिहा, आत्ता, मी बघतो. मी टाइप करायला बसले. आणि अचानक ताई माझ्या पाठीमागे ओरडायला लागली, रिकाम्या खोलीकडे तोंड करून.

"अगं, किती वेळा सांगू? कोटाला खिशाचा नाद सोड, फुगतो तो! खांद्याची गादी उसव, आतला कापूस काढ, तिथे भरपूर जागा असते. दोन्ही खांदे सारखे कर आणि शिवून टाक!"

"तिथे काय बाजार भरलाय का?" तो खेकसला.

"क्लास चालू आहे," मी म्हटलं.

त्याने सांगितलं ते शब्दन् शब्द मी ब्लॉगच्या माथ्यावर चढवलं: हा घोळ ब्लॉग सांभाळणाऱ्या धाकट्या बहिणीच्या निष्काळजीपणामुळे झाला, तिला काम येत नाही. त्याने ते वाचलं, 'निष्काळजीपणा' ठळक अक्षरात करायला लावलं आणि फोन ठेवला. मग मी ढसाढसा रडले. ताई पाठीवरून हात फिरवत राहिली. नंतर मी बटण उपटून काढलं. कमेंटला नाव नको, मेल नको, खातं नको, काही नको. ती कबुली मात्र तशीच ठेवली, कारण तो पुन्हा येऊन बघणार होता. ती वाचून एका दुकानदाराने मला देऊ केलेलं काम काढून घेतलं. घेऊ दे.

शनिवार गेला. तेलाच्या जाहिराती परत आल्या होत्या. रविवारी आम्ही दोघी मिळून त्या वेचत होतो, एकेक उघडून वाचत.

संध्याकाळी, टकलाच्या दोन तेलांच्या मध्ये, बिननावाची एक कमेंट सापडली. आम्ही ती वाचली आणि लगेच पुसून टाकली.

"ताई, खांदे नीट बसले. चाचपताना त्याने खांद्यांना हातच लावला नाही. मुलगी इथे शेजारी झोपलीय. तुमच्या बहिणीला सांगा, तिला काम येतं."